कुलपातलं औषध आणि ट्रेमधलं औषध

माझी सगळी नोकरी एका मोठ्या रुग्णालयाच्या औषध विभागात गेली. आधी काउंटरवर, मग स्टोअरमध्ये आणि शेवटची बरीच वर्षं ‘ड्रग इन्फर्मेशन’ अशी पाटी लावलेल्या, खिडकी नसलेल्या खोलीत. वॉर्डातून फोन यायचे. किडनीच्या पेशंटला अमुक अँटिबायोटिक किती द्यायचं, गरोदर बाईला तमुक गोळी चालेल का, असे प्रश्न. पोर्फिरियाचा पेशंट क्वचितच यायचा. पण आला की त्याच्यासाठी दिवसभर फोन वाजायचा आणि पहिले दोन प्रश्न ठरलेले असायचे. दुखतंय त्याला काय देऊ? पोटात पिळवटतंय त्याला काय देऊ?

या दोन प्रश्नांची उत्तरं देता देता मला कळलं की रुग्णालयात औषधांची भीती बऱ्याचदा भलत्याच औषधाला चिकटलेली असते.

आधी आजाराबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं उगाच यादीवाचन वाटेल. आम्हाला दिसलेले बहुतेक रुग्ण ‘अ‍ॅक्यूट इंटरमिटंट पोर्फिरिया’चे होते. रक्ताला लाल रंग देणारं हीम यकृतालाही लागतं, कारण औषधांची विल्हेवाट लावणारी तिथली सायटोक्रोम विकरं हीमशिवाय चालत नाहीत. हे हीम आठ टप्प्यांत तयार होतं. या आजारात तिसऱ्या टप्प्यावरचं विकर जन्मापासून निम्म्या ताकदीचं असतं. दोनपैकी एकच खिडकी उघडी असलेल्या टोलनाक्यावर एरवी गाड्या निघून जातात, पण सुट्टीची गर्दी झाली की मैलभर रांग लागते, तसं हे. काही औषधं यकृताला जादा सायटोक्रोम बनवायला लावतात, मग हीमची मागणी वाढते, पहिल्या टप्प्याचा वेग वाढतो आणि तिसऱ्या टप्प्याच्या अलीकडे एएलए आणि पोर्फोबिलिनोजेन हे दोन पदार्थ साचतात. उपासानंही तेच होतं, पाळीच्या आधीच्या संप्रेरकांनीही तेच होतं. दोष अंगात असलेल्या बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. ज्यांना होतं त्यांत तरुण बायका जास्त.

झटका येतो तेव्हा पोट असह्य दुखतं, उलट्या होतात, शौचाला होत नाही, नाडी धावते, रक्तदाब चढतो, रक्तातलं सोडियम उतरतं. आणि सर्जन पोटाला हात लावतो तेव्हा पोट मऊ लागतं. दुखणं नसांचं असतं, आतड्याचं नसतं. ही एवढी गोष्ट लक्षात राहिली तर औषधांचे निम्मे प्रश्न सुटतात, असं माझं मत आहे.

माझ्या आठवणीतली एक मुलगी, विशीतली. तिचं अपेंडिक्स आधीच एका ठिकाणी काढलेलं होतं आणि ते निर्दोष निघालं होतं, हे जुन्या केसपेपरवर दोन ओळींत लिहिलेलं होतं. आमच्याकडे आली तेव्हा सोनोग्राफी स्वच्छ, सीटी स्वच्छ. ‘फंक्शनल’ असा शेरा पडायच्या बेतात होता. रात्रपाळीच्या सिस्टरनं सकाळी लघवीची बाटली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली होती. दुपारी दुसऱ्या सिस्टरनं ती पाहिली, तर सकाळची पिवळी लघवी गडद लालसर तपकिरी झालेली. तिनं ती ओतून न देता डॉक्टरांना दाखवली. रक्त असेल म्हणून तपासलं, तर रक्त नव्हतं.

मी तेव्हा प्रयोगशाळेत काही कामाला गेले होते म्हणून पुढचं पाहायला मिळालं. टेक्निशियननं ताजी लघवी मागवली, ती काळ्या कागदात गुंडाळून आणायला सांगितली. परीक्षानळीत थोडी लघवी आणि तेवढंच एर्लिकचं द्रावण. द्रावण गुलाबी झालं. पण गुलाबी तर युरोबिलिनोजेननंही होतं. म्हणून त्यानं क्लोरोफॉर्म घातलं, नळी हलवली आणि स्टँडवर ठेवली. क्लोरोफॉर्मचा थर खाली बसला, रंगहीन. गुलाबी रंग वरच्या पाण्याच्या थरातच राहिला. युरोबिलिनोजेन असतं तर रंग खाली उतरला असता. वर राहिला म्हणजे पोर्फोबिलिनोजेन. जुनी, स्वस्त, हातानं करायची चाचणी. तिच्यासाठी यंत्र लागत नाही, मनात शंका मात्र यावी लागते.

निदान झाल्यावर माझा फोन वाजला. “मॅडम, फोर्टविन-फेनर्गन चालू आहे, ते ठेवायचं ना?”

फोर्टविन म्हणजे पेंटाझोसिन. आपल्या रुग्णालयांतून कित्येक वर्षं जोरदार दुखण्याला हेच इंजेक्शन सर्रास दिलं गेलं, कारण ते वॉर्डात सहज हाताशी असायचं. मॉर्फिन तसं नव्हतं. ते नारकोटिकच्या कपाटात, दुहेरी कुलपात, दोन किल्ल्या दोघांकडे. रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, डोस, वेळ, सही. रिकामी अँप्युल परत. अर्धी अँप्युल वापरली तर उरलेली टाकताना साक्षीदाराची दुसरी सही. रात्री दोन वाजता एकट्या सिस्टरला हे सगळं करण्यापेक्षा ट्रेमधलं फोर्टविन बरं वाटणार, यात तिची काय चूक?

पण तीव्र पोर्फिरियात उलटं आहे. पेंटाझोसिन टाळायच्या औषधांत मोडतं. मॉर्फिन निर्धोक. फेंटॅनिल निर्धोक, ब्युप्रेनॉर्फिन आणि कोडीनही चालतं. पॅरासिटॅमॉल चालतंच, पण या दुखण्यापुढे ते तोकडं पडतं. म्हणजे ज्या औषधाच्या नावानं नातेवाइकांचे चेहरे उतरतात आणि रेसिडेंटचं पेन थबकतं, तेच इथे सगळ्यांत भरवशाचं.

हे सांगायला सोपं होतं, पटवायला अवघड. 1985 चा अमली पदार्थांचा कायदा आला आणि त्याच्या धाकानं अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिन, फेंटॅनिलसारखी काही औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली, मान्यताप्राप्त संस्थांसाठी परवान्याची कटकट कमी झाली. पण हाताची सवय कायद्याच्या मागून फार सावकाश येते. ज्या देशात नीमच आणि गाझीपूरला सरकार स्वतः अफूचे कारखाने चालवतं, त्याच देशात तालुक्याच्या गावी कळवळणाऱ्या माणसाला मॉर्फिन मिळत नाही, याचं मला अजूनही नवल वाटतं. असो.

संशय हा दुसरा अडथळा. ज्याला पाच-सात वेळा झटका येऊन गेला आहे त्याला कुठल्या इंजेक्शननं बरं वाटतं हे पाठ असतं. तो आल्या आल्या म्हणतो, “मॉर्फिन द्या.” पेशंटनं इंजेक्शनचं नाव घेतलं की ड्यूटीवरच्या डॉक्टरच्या मनात पाल चुकचुकते. एका बाईंच्या केसपेपरवर मी पेन्सिलीनं लिहिलेलं पाहिलं होतं: ‘?व्यसन’. त्या बाईंचं सोडियम त्या दिवशी 118 होतं, म्हणजे फारच खाली. नुसत्या मॉर्फिनच्या व्यसनानं सोडियम सहसा इतकं उतरत नाही. त्या बाईंनी नंतर मला विचारलं होतं, “ताई, मी नाव घ्यायचं नाही का? नुसतं रडत बसायचं का?” मी त्यांना सांगितलं की नाव घ्या, पण सोबत कागद दाखवा. त्या कागदाबद्दल पुढे सांगते.

अफूजन्य औषधं सगळी सारखी, असंही मात्र नाही. पेथिडिन पोर्फिरियाच्या दृष्टीनं चालतं, पण शरीरात त्याचं नॉरपेथिडिन होतं, ते साचलं की फिट येऊ शकते आणि हा पेशंट आधीच उतरलेल्या सोडियममुळे फिट्सच्या काठावर असतो. ट्रॅमाडॉलचंही तसंच. तेही फिट्सचा उंबरठा खाली आणतं आणि कधी कधी सोडियमही उतरवतं. फिट आली की हात आपोआप फेनिटॉइनकडे जातो आणि फेनिटॉइन म्हणजे या आजारात आगीत तेल. म्हणून मी फोनवर एका वाक्यात दोन गोष्टी सांगून टाकायचे: दुखण्याला मॉर्फिन आणि फिट आलीच तर लेव्हेटिरासिटाम, फेनिटॉइन नको. विचारलेल्यापेक्षा जास्त सांगणं आमच्या कामात आगाऊपणा समजला जात नाही. निदान मी तरी समजले नाही.

मॉर्फिन दिलं की बद्धकोष्ठ वाढणार, हे गृहीतच. पोर्फिरियात आतडी आधीच मंदावलेली. त्यामुळे मॉर्फिनच्या चिठ्ठीवरच लॅक्टुलोज लिहायला सांगायचं, चौथ्या दिवसाची वाट बघायची नाही.

आता पिळवटा. पोटाच्या दुखण्याला ‘स्पासची गोळी’ देणं आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की ते औषध आहे हेच कुणाच्या लक्षात राहत नाही. पाळीत दुखलं, गॅस झाला, मुतखडा, जुलाब, काहीही असो. पण पोर्फिरियाचं दुखणं स्नायूच्या आकडीचं नसतंच. नस चिडलेली आहे आणि आपण आतड्याचा स्नायू सैल करतोय. त्यातून डायसायक्लोमीनसारखी औषधं नाडी आणखी पळवतात, मंदावलेलं आतडं आणखी थंड करतात, लघवी अडवतात. झटक्यात लघवी अडणं हे तसंही नेहमीचंच. म्हणून या आजारात ते औषध यकृताला चालतं की नाही हे विचारण्याआधी मी उलटा प्रश्न करायचे: “देऊन मिळणार काय?” पलीकडून बहुधा थोडा वेळ काही ऐकू यायचं नाही.

खरी गोम वेगळीच आहे. आपल्याकडे ही औषधं एकटी विकली जातात ती थोडी. जोडीला दुसरं काहीतरी असतंच. पाळीच्या दुखण्याची सगळ्यांना माहीत असलेली पट्टी घ्या. डायसायक्लोमीनसोबत मेफेनॅमिक अ‍ॅसिड. ब्रिटिश यादीत मेफेनॅमिक अ‍ॅसिड पोर्फिरियात टाळायचं म्हणून आहे. तरुण बाई, पाळीच्या तोंडावर पोट दुखतंय, ती मेडिकलवाल्याकडे जाते आणि चिठ्ठीशिवाय हीच पट्टी घेऊन येते. झटक्याची वेळही पाळीच्या आधीचीच. दुखणं वाढतं, ती दुसरी गोळी घेते. जुन्या काळी परदेशात बेलाडोनाच्या अर्कासोबत फिनोबार्बिटोन घालून पोटाची औषधं विकायचे आणि बार्बिट्युरेट म्हणजे या आजाराचा जुना वैरी. आपल्याकडे डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफेन आणि डायसायक्लोमीन एकाच कॅप्सूलमध्ये भरून वर्षानुवर्षं खपलं. अफूजन्य आणि पिळवट्याचं, दोन्ही प्रश्न एका कवचात. नशेसाठीही खूप वापरलं गेलं. 2013 मध्ये सरकारनं डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफेनवर बंदी आणल्यावर त्या जागी ट्रॅमाडॉल आलं.

म्हणून सिस्टरनं फोनवर ब्रँडचं नाव सांगितलं की मी म्हणायचे, पट्टी उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचून दाखवा. एकदा एका नव्या सिस्टरनं “मॅडम, चष्मा आणते” म्हणून फोन ठेवला आणि परत येऊन चार घटक वाचून दाखवले. डॉक्टरांना त्यातला एकच माहीत होता.

ड्रोटाव्हेरिनचं काय, हा प्रश्न हमखास यायचा. हे मूळ हंगेरीचं औषध. आपल्याकडे मुतखड्यापासून बाळंतपणापर्यंत चालतं, पण अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये विकलंच जात नाही. त्यामुळे तिथल्या डॉक्टरांच्या अनुभवाचा आधार आपल्याला मिळत नाही. मी सांगायचे, गरज नसेल तर नका देऊ. या आजाराच्या दुखण्याला त्याची गरज फारशी नसतेच.

याद्यांवरून माझे आणि एका डॉक्टरांचे खटके उडायचे. ते म्हणायचे, एक यादी निवडा आणि तिच्याप्रमाणे चाला. नॉर्वेतल्या बर्गनच्या केंद्राची यादी औषधांना पाच पायऱ्यांत बसवते. अगदी निर्धोक, बहुधा निर्धोक, शक्यता आहे, बहुधा घातक, नक्की घातक. वेल्समधल्या कार्डिफची यादी आहे, ती मुख्यतः निर्धोक काय ते सांगते. अमेरिकेची वेगळी, दक्षिण आफ्रिकेची वेगळी. त्या एकमेकींशी जुळत नाहीत. हायोसिनसारखं पिळवट्याचं साधं औषध जुन्या यादीत ‘टाळा’मध्ये असायचं, नंतरच्या यादीत मोकळं झालेलं दिसतं.

असं का होतं यावर मी बराच विचार केला आहे. औषधाला यादीत टाकतात ते बऱ्याचदा एखाद्या जुन्या केसवरून: अमुक औषध दिलं आणि झटका आला. झोपेच्या औषधाबद्दल हे ठीक आहे. माणूस बरा होता, गोळी घेतली, आजारी पडला. 1889 मध्ये डच डॉक्टर स्टॉकव्हिसनं सल्फोनल नावाच्या झोपेच्या औषधानंतर लघवी लाल झालेली बाई नोंदवली, तेव्हापासून हा धागा आहे. दक्षिण आफ्रिकेत भुलीसाठी थायोपेंटोन दिलेले रुग्ण लुळे पडले, तिथेही कार्यकारण स्पष्ट होतं. पण वेदनाशामक आणि पिळवट्याच्या औषधांचं तसं नाही. ती दिलीच जातात पोट दुखायला लागल्यावर, म्हणजे झटका सुरू झाल्यावर. मग झटका वाढला की आळ औषधावर. चोर पळून गेला आणि मदतीला धावलेला पकडला गेला, असं काही औषधांच्या बाबतीत नक्की झालं असणार. म्हणून नंतरच्या मंडळींनी औषध यकृतात कुठल्या वाटेनं जातं, सायटोक्रोम वाढवतं की नाही, त्याचा डोस किती, यावरून अंदाज बांधायला सुरुवात केली. मला ही पद्धत जास्त पटते. डॉक्टरसाहेबांना मी हेच सांगायचे. ते म्हणायचे, “रात्री दोन वाजता हे तत्त्वज्ञान कोण वाचणार?” त्यांचंही बरोबर होतं.

मग आम्ही दोघांनी मिळून रात्री दोनसाठी एक कागद केला. एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला मराठी. वर आजाराचं नाव, लघवीच्या तपासणीची तारीख. खाली फक्त चार गोष्टींसाठी चार ओळी: दुखणं, उलटी, फिट, भूल. प्रत्येकीत काय द्यायचं ते आधी आणि काय नको ते नंतर. उलटीला ऑनडॅनसेट्रॉन किंवा क्लोरप्रोमाझिन, मेटोक्लोप्रमाइड नको. शेवटी मोठ्या अक्षरांत, ‘उपाशी ठेवू नका, ग्लुकोज चालू करा, सोडियम तपासा’. नुसती डेक्स्ट्रोजची सलाईन लावली तर सोडियम आणखी उतरतं, म्हणून ‘डेक्स्ट्रोज-नॉर्मल सलाईन’ असं स्पष्ट लिहिलं. हीमचं इंजेक्शन, म्हणजे खरा उपाय, सलग चार दिवस द्यायचा असतो, पण ते तेव्हा आपल्याकडे दुकानात मिळत नव्हतं, आयातीचा परवाना काढून मागवावं लागायचं. तोवर ग्लुकोज आणि मॉर्फिन हाच आधार. बहुतेकांनी हा कागद लॅमिनेट करून पाकिटात ठेवला.

कागदाची मराठी बाजू डॉक्टरांपेक्षा घरच्यांच्या जास्त कामी आली. एक बाई गौरी-गणपतीनंतर चार दिवसांनी दाखल झाल्या. हरतालिकेचा कडक उपास झाला होता आणि गौरी जेवायच्या दिवशी पाळी येऊ नये म्हणून त्यांनी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या होत्या. त्या गोळ्यांत नॉरएथिस्टेरॉन असतं, प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं. पोर्फिरियाला निमंत्रण. पोट दुखायला लागल्यावर जावेनं डब्यातली स्पासची पट्टी दिली. उपास, संप्रेरक आणि मेफेनॅमिक, तिन्ही एकाच आठवड्यात आणि त्यातलं एकही डॉक्टरनं लिहून दिलेलं नव्हतं. पुढच्या कागदात मी पाचवी ओळ वाढवली: ‘पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या नकोत, निर्जळी उपास नको.’ सासूबाईंनी ती वाचली आणि म्हणाल्या, “देवीला कळतं सगळं. तिला उपाशी नको ठेवायला.” वादच मिटला.

मॉर्फिनचे गोडवे मला गायचे नाहीत. एका रुग्णाला दर महिन्याला पाळीआधी झटका यायचा. घरी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या होत्या. वर्षा-दोन वर्षांत झटका आणि नुसतं दुखणं यांतली रेघ पुसली गेली. मॉर्फिननं पोट कडक व्हायचं, त्यानं दुखायचं, दुखलं म्हणून मॉर्फिन. शरीर त्यावर अवलंबूनही राहिलं होतं. त्याला व्यसन म्हणून नाक मुरडून उपयोग नव्हता आणि ‘निर्धोक आहे’ म्हणून डोळे मिटूनही. शेवटी चिठ्ठी एकाच डॉक्टरची, गोळ्या एकाच दुकानातून, झटका खरा की नाही हे लघवीतल्या पोर्फोबिलिनोजेनवरून ठरवायचं आणि पाळीचं चक्रच थांबवणारी इंजेक्शनं, असं करत करत डोस उतरवला. सोपं नव्हतं. दोनदा सगळं विस्कटलं.

हा आजार आई किंवा बाप, कुणाही एकाकडून मुलात येऊ शकतो, म्हणून नातेवाइकांना तपासायला बोलवायचो. निम्मे यायचे नाहीत. लग्नाच्या मुली असलेल्या घरांतून तर हमखास नाही. “स्थळं यायची बंद होतील,” असं एका वडिलांनी सरळ सांगितलं. मी त्यांना दोष देत नाही, पण त्यांच्या मुलीला पुढे कधी भूल द्यावी लागली तर, हा विचार मनातून जात नाही.

त्या विशीतल्या मुलीचा धाकटा भाऊ मात्र आला. त्याच्या लघवीत काही सापडलं नाही. झटका नसलेल्या वाहकाच्या लघवीत बऱ्याचदा सापडत नाही, म्हणून जनुकाची तपासणी करावी लागली आणि दोष निघाला. तो म्हणाला, “मला तर काहीच होत नाही. मग मला कुठली यादी?” मी त्याला बहिणीचीच यादी दिली. पुढे त्याची दाढ दुखली. दंतवैद्यानं नेहमीप्रमाणे मेफेनॅमिकची गोळी लिहिली होती. यानं पाकिटातून कागद काढून दाखवला. दंतवैद्यानं तो दोन्ही बाजूंनी वाचला, मोबाईलवर फोटो काढून घेतला आणि आधीची चिठ्ठी फाडून पॅरासिटॅमॉल लिहून दिलं.